मंजुरीच्या आधीचं कुंपण

माझी आत्या गुरांना भीत नव्हती. शिंगं रोखून अंगावर आलेल्या वळूला नाकात बोटं घालून तिनं जागीच उभं केलेलं मी पाहिलंय. ती भ्यायची कागदाला. पोस्टमन फाटकाशी थांबला की ती गोठ्यात शिरायची. विजेचं बिलसुद्धा ती विंचू धरावा तसं दोन बोटांत धरून माझ्याकडे आणून द्यायची.

याला कारण होतं. माझ्या आजोबांनी एकदा न वाचता अंगठा उठवला आणि टेकडीचा अर्धा उतार दुसऱ्याच्या नावावर गेला. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. कागद पुढे करणारा माणूस फार गोड बोलत होता, एवढंच तिला आठवायचं.

उरलेल्या अर्ध्या उतारावर तिची सव्वीस गुरं चरायची. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, गुरांना स्थळ पसंत पडलं नाही. मी शाळेत शिकवते आणि आई गेल्यापासून तिच्याचकडे राहते.

त्या वर्षी उतारावरचं गवत एकदम विरळ झालं. गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले तेव्हा सुई बाजूला ठेवून बराच वेळ नुसते उताराकडे बघत राहिले. मग त्यांनी समजावलं, की रोज तेच गवत खाल्लं जातंय, मुळांना उसंतच मिळत नाही. कुरणाचे सहा तुकडे करा, एकात गुरं चारा, पाच मोकळे ठेवा, आठवड्यानं पुढच्यात न्या. त्यासाठी तारेचं कुंपण हवं आणि प्रत्येक तुकड्यात पाण्याचा हौद हवा. आत्या हसली. म्हणाली, एवढ्या खर्चात मी गुरांना रोज हॉटेलात जेवू घालीन.

डॉक्टरांनी सांगितलं, की यासाठी अनुदान आहे. शंभरातले साठ सरकारी कचेरी देते, चाळीस आपण घालायचे, आणि आपण स्वतः केलेली मजुरीही त्या चाळिसांत धरतात. फक्त अर्ज करायचा.

अर्ज म्हटल्यावर आत्याचं हसू मावळलं. भीक नको पण कुत्रा आवर, असं पुटपुटत ती आत गेली.

पण गवत काही वाढेना. शेवटी एका सकाळी ती मला न सांगता एकटीच कचेरीत गेली, व्हरांड्यातल्या बाकावर तासभर बसली आणि कुणाशीही न बोलता परत आली. पुढच्या वेळी मी रजा टाकून बरोबर गेले. खिडकीतल्या कारकुनानं पाच ठिकाणी सही मागितली. प्रत्येक सहीनंतर आत्या हात पुसत होती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात अटी होत्या. मागे रांग खोळंबली होती. मी त्या वाचून दाखवल्या असत्या तर ती पेन टाकून उठली असती. मी म्हटलं, "नेहमीचंच आहे. कर सही." तिनं केली. मीही ते पान वाचलं नाही. हे माझं चुकलं.

मग दोन महिने काहीच कळलं नाही. आमच्या उताराच्या खालच्या कडेला खोल घळ आहे. गवत गेल्यामुळे तिथली माती सुटत चालली होती. एका दुपारी गाभण गाय कडेशी गेली आणि मातीसकट खाली घसरली. दोर लावून, शेजारच्या चार माणसांनी मिळून तिला वर काढलं. गाय वाचली, पण वासरू गेलं. आत्या तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं कुंपण घालणाऱ्याला बोलावलं. त्याला सगळे तारवाला म्हणतात. चार दिवसांत त्यानं घळीच्या कडेनं खांब रोवून तार ताणून दिली.

त्यानंतर आठव्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं.

मी आनंदानं स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं वाचायला लागले आणि तिसऱ्या परिच्छेदाशी अडखळले. काम सुरू होण्यापूर्वी अधिकारी जागा पाहायला येतील, असं लिहिलं होतं. पत्राच्या तारखेआधी केलेल्या कामाचा खर्च धरला जाणार नाही. माहिती दडवल्याचं आढळल्यास मंजुरी रद्द करून वसुली केली जाईल. शिवाय अशीही ओळ होती, की या अटी अर्जदारानं अर्जातच वाचून मान्य केल्या आहेत.

आत्यानं एवढ्यातला एकच शब्द ऐकला. वसुली. ती भिंतीला धरून खाली बसली. "म्हणजे उतार नेणार," ती म्हणाली.

मी सांगितलं, असं कुठंही लिहिलेलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. "बाबांच्या कागदातही तसं लिहिलेलं नव्हतं गं."

अर्जाचं शेवटचं पान मीही वाचलं नव्हतं, हे मी तिला तेव्हाच सांगून टाकलं. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. ती उठून गुरांना पाणी दाखवायला गेली.

पुढचे दिवस भीतीनं खाल्ले. रस्त्यावर गाडी वाजली की तिच्या हातातली बादली हिंदकळायची. जेवण दोन घासांवर आलं. एकदा मी शाळेतून आले तर ती घळीकडच्या नव्या खांबांवर झाडाच्या फांद्या बांधत होती. चाळीस खांब फांद्यांनी काय झाकणार? पण मी थांबवलं नाही. मलाही भीती वाटायला लागली होती. कचेरीत काम करणाऱ्या एकाला मी आडून विचारलं, तर त्यानं एका माणसाची अख्खी मंजुरी कशी गेली ते रंगवून सांगितलं. ते मी आत्याला कळू दिलं नाही.

तारवाल्याच्या कानावर गेलं तेव्हा तो पावतीपुस्तक घेऊनच आला. त्याच्या मनात खोट नव्हती. "पुढच्या महिन्याची तारीख टाकतो," तो म्हणाला. "कुणाच्या बापाला कळतंय?"

खरं सांगते, मला ते पटलं होतं. आत्यानं त्या कोऱ्या पावतीकडे बघितलं. मग म्हणाली, "आत्ता मला फक्त त्यांची भीती वाटतेय. तारीख बदलली की तुझीही वाटेल, हिचीही वाटेल. एवढ्या सगळ्यांना भ्यायला मला वेळ कुठाय?" तिनं पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं.

तपासणीच्या सकाळी तिनं स्वेटरची बटणं खालीवर लावली होती. ती सोडून पुन्हा लावायला तिची बोटं वळेनात. अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या, बूट धुळीनं माखलेले, खांद्यावर मोजपट्टीचं मोठं भेंडोळं. त्या वरून मोजत मोजत खाली येऊ लागल्या. आत्या त्यांच्यामागे आणि मी आत्यामागे. जसजशी घळ जवळ आली तसतसा आत्याचा श्वास मला ऐकू यायला लागला.

बाई कुंपणापाशी थांबल्या. एक फांदी त्यांनी हातानं बाजूला केली.

आत्या पुढे झाली. ती म्हणाली, "हे मी आधीच घातलंय. पत्राच्या आधी. गाय पडली होती." आणि स्वेटरच्या खिशातून तिनं खरी पावती काढून दिली. घामानं ती ओली झाली होती.

बाई पावती बघून लिहू लागल्या. लिहीतच राहिल्या. मला वाटलं, संपलं सगळं.

"उतार नेणार का?" आत्यानं विचारलं.

बाईंना प्रश्नच कळला नाही. "कुठे नेणार?" त्या म्हणाल्या. मग आत्याचा पांढराफटक चेहरा त्यांना दिसला असावा. त्यांनी पेन खाली केलं. "जमिनीचा यात संबंध नाही, बाई. या कुंपणाचा खर्च तुमचा तुम्हाला. बाकीचं सगळं धरते." जाता जाता, गाय नेमकी कुठं पडली ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "तार नवी आहे हे मला फाटकातूनच दिसलं होतं. तुम्ही सांगितलं नसतं तर मला सगळंच थांबवावं लागलं असतं."

त्यांची गाडी गेल्यावर आत्या गोठ्यामागे जाऊन ओकली. मी तारवाल्याच्या त्या पुढच्या महिन्याच्या पावतीचा विचार करत पायरीवर बसले.

घळीकडच्या कुंपणासाठी आणि आपल्या वाट्यासाठी तिला चार गाई विकाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, तसाही हा उतार बाविसांच्या वर पोसू शकत नाही. ते खरं असलं तरी गाई गेल्या त्या दिवशी ती धाय मोकलून रडली. उरलेल्या खांबांचे खड्डे तिनं स्वतः खणले आणि ती मजुरी तिच्या वाट्यात धरली गेली. काम संपल्यावर दुसरी तपासणी झाली, तिच्या आधीही आठवडाभर तिला झोप नव्हती. दुसऱ्या वर्षी मोकळ्या ठेवलेल्या तुकड्यांत गवत पोटरीपर्यंत आलं. घळीची कड आता ढासळत नाही.

आत्याची भीती मात्र गेली नाही. गेल्या महिन्यात खालच्या वाटेवरची शेळीवाली विचारायला आली, तिलाही असंच अनुदान हवं होतं आणि तिचीही पाचावर धारण बसलेली. आत्या तिच्याबरोबर कचेरीत गेली, त्याच व्हरांड्यात तिच्याशेजारी बसली, आणि नंबर पुकारल्यावर दोघी एकदमच उठल्या, असं शेळीवालीनं मला सांगितलं. घरी परतल्यावर आत्या थेट गोठ्यात शिरली. मी डोकावले तर ती कालवडीच्या मानेवर कपाळ टेकून उभी होती. शेळीवालीचा अर्ज घेतला गेला होता.