पंपाच्या अलीकडचा नट

नळीचं उघडं तोंड ताईला बघवायचं नाही. चिंधी, बूच, काहीच नसलं तर स्वतःचं बोट. आधी ते तोंड बंद करायची, मग बोलायची. घरातही तेच. डबे, बाटल्या, तिच्या येण्याजाण्यात सगळ्यांची झाकणं घट्ट होत. आत्या म्हणायची, "या घरात साखर काढायला पैलवान बोलवावा लागतो."

चहा उभ्याने प्यायची. सुटे भाग काढले त्याच क्रमाने ताटलीत मांडायची. रस्त्यावरून गाडी गेली की वाक्य मधेच सोडून ऐकायची. "तिसरा प्लग गेलाय हिचा," असं पुटपुटायची आणि वाक्य पुढे चालू.

आणि नट आवळून झाला की पांढऱ्या रंगात काडी बुडवून त्यावर बारीक रेघ ओढायची. अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या धातूवर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. रेघ सलग असली की त्या नटाकडे परत बघायचं नाही.

ही सवय बाबांची. गॅरेजही बाबांचंच, घराच्या मागे, एक शटर आणि जमिनीत माणूसभर खोल खड्डा. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती. "थोडे दिवस सांभाळ," असं ते म्हणाले. आता ती एकेचाळीसची होती.

गिऱ्हाइकं केव्हाच मोठ्या वर्कशॉपांकडे गेली. उरली होती बाबांची स्वतःची काळी गाडी. गोल दिव्यांची, ताईहून वयाने मोठी. तिला घरात सगळे म्हातारी म्हणत.

दूरच्या शहरातल्या एका तंत्रशाळेने ताईला शिकवायला बोलावलं होतं. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा म्हातारीचं इंजिन उतरवलेलं होतं. दुसऱ्यांदा ब्रेक. "अशी उघडी टाकून जातेस हिला?" बाबा तेवढंच म्हणत. आवाजही चढवत नसत. तेवढ्याने तिचा पाय निघत नसे.

हे तिसरं बोलावणं. चौथं येणार नाही, असं पत्रातच लिहिलं होतं. सोमवारी हजर व्हायचं. शनिवारी चारची बस.

"म्हातारी चालती करून दे," बाबा म्हणाले, "आणि खुशाल जा."

मंगळवारी सकाळी तिने टाकीपासून पंपापर्यंतची नवी नळी बसवली. मग पंपापासून वर कार्बोरेटरपर्यंतची. कार्बोरेटर आदल्या दिवशी उघडून धुतला होता. जेट फुंकून साफ केले, फ्लोट हलवून पाहिला, नवं गॅस्केट लावलं. दोन नट आलटून पालटून आवळले, म्हणजे बूड वाकडं बसत नाही. चोकची तार जोडली. सगळीकडे रेघा ओढल्या. मग जेवायला आत गेली.

जेवून आल्यावर तिने चावी फिरवली. म्हातारी खोकली आणि सुरू झाली. बाबा दारात उभे होते. आत्या पदराला हात पुसत आली.

दोन मिनिटांनी इंजिनाने आचके दिले आणि ते बंद पडलं.

"कार्बोरेटर बघ," बाबा म्हणाले. "घोडं तिथेच पेंड खातंय."

बुधवारी तिने कार्बोरेटर पुन्हा उघडला. गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी दोनदा. दर वेळी तेच. दोन मिनिटं, आचके, शांतता. तिला झोपेतही तो आचका ऐकू यायला लागला. बॅग खाटेखाली भरून ठेवली होती. तिच्याकडे बघायचं तिने सोडून दिलं.

"तुझं लग्न हिच्याशीच लावून द्यायला हवं होतं," आत्या म्हणाली. "मानपान तरी झाला असता."

"घटस्फोट मिळाला नसता, आत्या."

"तो आत्ता तरी कुठे मिळतोय?"

शनिवारी सकाळी ती खड्ड्यात उतरली. नळीला कुठे भोक आहे का, एवढंच बघायचं होतं. डोक्यावर गाडीचं पोट, दोन्ही खांद्यांना भिंत. हातातल्या दिव्याचा उजेड नळीवरून सरकवत ती पंपापर्यंत आली.

पंपाच्या अलीकडच्या, टाकीच्या बाजूच्या नटावरची रेघ तुटली होती.

तिने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. पंपावरचा अर्धा तुकडा होता तिथेच होता. नटावरचा पाव फेरा फिरून भिंतीकडे गेला होता. नट आपण होऊन इतका फिरत नाही. त्याला पान्हा लागतो.

तिथे नट सैल केला तर पेट्रोल बाहेर येत नाही, कारण पंप तिथून ओढतो. तो पेट्रोलबरोबर हवाही ओढायला लागतो. बाहेर काही दिसत नाही, आणि इंजिन उपाशी मरतं. हे फार थोड्यांना सुचलं असतं. तिला सुचलं असतं. आणि ज्यांनी तिला शिकवलं, त्यांना.

मंगळवारी ती जेवायला गेली तेव्हा बाबा म्हणाले होते, "मी जरा म्हातारीजवळ बसतो." त्यांना मोतीबिंदू होता. अशी बारीक रेघ त्यांना आता दिसत नव्हती. आणि ती असणार हे ते विसरले होते.

खड्ड्याच्या कडेला चपला येऊन थांबल्या. डाव्या बाजूला. पंप त्याच बाजूला होता, वरून बोनेटमध्ये हात घातला तरी चाचपून पोचता येईल असा.

"सापडलं का काही?"

"हवा ओढतेय," ताई खालून म्हणाली.

एक चप्पल मागे सरकली आणि पुन्हा पुढे आली.

"पंपाच्या अलीकडे असेल," बाबा म्हणाले.

"हो."

"पलीकडे असतं तर पेट्रोल गळलं असतं. आग लागली असती."

"लागली असती."

"तसं कुणी करणार नाही, बाळ."

"नाही करणार, बाबा."

चपला तिथेच राहिल्या. ताईला ओरडावंसं वाटलं. पण खड्ड्यातून वर बघितलं की माणसाचे पायच दिसतात, आणि पायांवर ओरडता येत नाही. आत्तापर्यंत तिच्या मनात होतं, सापडलं की आवळायचं, सुरू करायचं, निघायचं. आता तसं वाटेना. आज हा नट आवळला तर उद्या दुसरा सैल होईल. ती गेली तरी मागून घरचं पत्र येईल, म्हातारी पुन्हा बंद पडली म्हणून.

तिने नट पूर्ण काढला. नळीचं तोंड पुसलं. पुन्हा लावला, बोटांनी, दोन आटे. मग नळी आणि पंप जिथे भेटतात तिथे स्वच्छ चिंधी गुंडाळून दोऱ्याने बांधली, धूळ जाऊ नये म्हणून. आणि शिडीने वर आली.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"एक नट राहिलाय."

"मग आवळ की. साडेअकराच वाजलेत."

"तुम्ही आवळा."

"माझे हात बघतेस ना?"

ताईने त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते खरंच थरथरत होते.

"तिथवर पोचतात," ती म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली. आत्या दारात येऊन उभी होती.

ताईने साबणाने तीनदा हात धुतले. खाटेखालची बॅग काढली. वाकून बाबांच्या पायांना हात लावला.

"येते, बाबा."

त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवलेला हात उचलायला वेळ लावला, आणि ती तेवढा वेळ वाकलेलीच राहिली.

म्हातारीचं बोनेट उघडं होतं. डाव्या मडगार्डवर कापडाची घडी, तिच्यावर त्या मापाचा पान्हा, शेजारी पांढऱ्या रंगाची बाटली आणि काडी. बाटलीचं झाकण ताईने नुसतं टेकवलं होतं, थरथरत्या हाताला उघडता यावं असं. नट दोन आट्यांवर होता. रेघ ओढायची राहिली होती.