चारशे ताटं आणि तीन गावं

सोमवार, सकाळचे सव्वाअकरा. ग्रामपंचायतीचं कार्यालय. सरपंचांच्या टेबलावर एक घमेलं, घमेल्यात प्लास्टिकचा काळपट गोळा आणि समोर कमरेला पदर खोचून उभ्या शालनकाकू.

"सरपंच, तुमच्या पोराच्या लग्नाचा आहेर परत आणलाय. आमच्या म्हशीला पचला न्हाई!"

तो गोळा जनावरांच्या डॉक्टरांनी सकाळीच काकूंच्या म्हशीच्या पोटातून काढला होता. ग्लास, द्रोण, पिशव्या, सगळं लग्नाच्या पंगतीतलं. म्हैस वाचली. सरपंचांचा चहा मात्र तसाच राहिला.

मी मोठी बातमी पाठवली. डेस्कनं चार ओळी छापल्या : 'म्हशीवर यशस्वी शस्त्रक्रिया.' आहेराचं नाव नाही! इतकी वर्षं वार्ताहरकी केल्यावर एवढं कळलंय, की छापलेलं रद्दीत जातं आणि न छापलेलं माझ्याकडे साठत राहतं. या एका गावाचंच किती साठलंय! गाव कृष्णाकाठचं. साताऱ्यातलं की सांगलीतलं, ते विचारू नका. असले सरपंच दोन्ही जिल्ह्यांत मुबलक आहेत.

*

काकूंनी त्याच दिवशी ठरवलं, या गावात पुन्हा प्लास्टिकवर पंगत उठू द्यायची नाही. पण ताटं आणायची कुठून?

आपल्याकडे प्रत्येक घरात माळ्यावर स्टीलच्या ताटांची चवड असते. लग्नात आलेली, नाव कोरलेली, आयुष्यात एकदाही न वापरलेली! काकू चार बायका घेऊन घरोघर फिरल्या.

"माळ्यावर ठिवून काय पिलं काढताय व्हय गं ताटांची?"

महिन्याभरात चारशे ताटं जमली. बंद बालवाडीची खोली मिळाली. पाटी लागली : भांडी बँक. भाडं नाही, डिपॉझिट नाही. नियम एकच : नेताना मोजून, आणताना घासून.

*

बँकेचे मॅनेजर म्हणजे काकूंचे थोरले दीर, सुभेदार आप्पा. फौजेतून रिटायर झालेत. फौज त्यांच्यातून अजून रिटायर झालेली नाही. ताटं दहा-दहाच्या रांगेत उभी. रोज सकाळी इन्स्पेक्शन!

एकदा लग्न उरकून नवरदेवाचे वडील ताटं परत घेऊन आले. डोक्यावर फेटा तसाच. आप्पांनी एका ताटावरून बोट फिरवलं. बोटाला तेल.

"री-वॉश!"

"आवं आप्पा, वरात निघायची हाय..."

"वरात थांबंल. खरकटं वाळलं की निघत न्हाई."

खोलीमागच्या नळावर फेटेवाला बाप राख घेऊन बसला. ताटं धुतलेलं पाणी मागच्या केळींना जातं, तसा चरच काढलाय. अर्ध्या तासानं बायको शोधत आली. त्याला तसा बसलेला बघून म्हणाली, "सुभेदार, ह्यांना आठवड्यातनं एकदा तुमच्याकडं पाठवू का?"

*

कोरलेल्या नावांनी मात्र घोटाळा केला. गावात बापू आणि आबा हे चुलतभाऊ. शेताच्या बांधावरून कोर्टात केस चालू. एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एका पंगतीत बापूंनी भात संपवला आणि ताटाच्या तळाशी काय दिसावं? 'आबांकडून सप्रेम भेट'!

बापू ताडकन उठले. "मी ह्याच्या ताटात जेवू?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "अर्धं तर जेवलास गड्या. उरलेलं काय कोर्टात जेवणार?"

पंगत खदखदून हसली. बापू बसले, पण सूड घेतलाच. वाढप्याला हाक मारली, "रस्सा आण रं! वत ह्या नावावर. आजून वत. आबाला पार बुडवायचा हाय!"

त्या दिवशी बापूंनी तीन वेळा रस्सा घेतला. आणि तिन्ही वेळा संपवला, कारण ताटात टाकलं तर आप्पा पंगतीतून उठू देत नाहीत.

*

बँकेचं नाव झालं, तसे सरपंच जागे झाले. 'प्लास्टिकमुक्त गाव' असा भला मोठा बॅनर चौकात लावला. कशाचा? प्लास्टिकचाच! त्यावर सरपंच हात जोडून. कार्यक्रम संपला, बॅनर गटारीत पडला. मी फोन करून विचारलं, तर म्हणाले, "पत्रकार, तुमाला चांगलं काय दिसतच न्हाई!"

काकूंना दिसलं. त्यांनी बॅनर धुतला आणि गोठ्यावर गळतीच्या जागी ताणून बांधला. गळती थांबली, पण म्हैस दूध चोरायला लागली. चार दिवस झाले, डॉक्टर येऊन गेले, कारण सापडेना. शेवटी आप्पांनी वर पाहिलं. सरपंच आतल्या बाजूला होते. थेट म्हशीकडे बघत, हात जोडून!

बॅनर उलटा केला. संध्याकाळी म्हैस पान्हवली.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी हसत सांगतोय, पण हसू येत नाही.

स्वच्छ गावांच्या स्पर्धेचं तपासणी पथक आलं. मी त्यांच्या मागे मोटारसायकलवर. दहा वाजता बालवाडीत ताटांची तपासणी. पथक खूश. फोटो झाले, नारळ झाला. पथक चहाला वळलं, तेवढ्यात सरपंच काकूंना म्हणाले, "ताटांना पालिश मारून आणतो. खर्च पंचायतीचा." ताटं टेंपोत चढली.

बारा वाजता पथक शेजारच्या गावात. तिथले सरपंच आमच्या सरपंचांचे साडू. समाजमंदिरात चारशे ताटं! पथकातल्या मॅडमनी एक उचलून नाव वाचलं. "हे आबा तुमच्या गावचे?"

"पावनं हायत, मॅडम," साडू म्हणाले. "मनानं लय मोठं!"

चार वाजता तिसरं गाव. तिथले सरपंच आमच्या सरपंचांचे व्याही. तिथंही चारशे ताटं! बाहेर तोच टेंपो, ड्रायव्हर घाम पुसतोय. मी पथकप्रमुखांना टेंपो दाखवला. ते म्हणाले, "तुम्ही लोक फारच निगेटिव्ह असता."

तिन्ही गावांना बक्षीस मिळालं. ताटं परत आली नाहीत.

काकू सरपंचांकडे गेल्या. ते म्हणाले, साडूकडं हायत. साडू म्हणाले, व्याह्यांकडं. व्याही म्हणाले, "सरपंचांनी त्याच दिवशी न्हेली की!" टेंपोवाल्याचा फोन बंद.

"नुसती ताटं न्हवती ती," काकू मला म्हणाल्या. "बायकांनी माझ्या शब्दावर माळे रिकामे केलते. आता कुणाच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

पुढच्या रविवारी गावात लग्न होतं. पत्रावळी बाजारातून आल्या. वरून कागद, आतून प्लास्टिकचा थर. त्या दिवशी आप्पा जेवायला गेले नाहीत.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला : ताटं कुठे आहेत? दोन महिन्यांनी उत्तर आलं. तीन गावांत मिळून बाराशे ताटं, पथकानं प्रत्यक्ष पाहिलेली, सर्व सुस्थितीत, संबंधित गावांच्या ताब्यात. खाली शिक्का आहे. सही कुणाची, ते वाचता येत नाही आणि त्या कार्यालयात कुणी सांगत नाही.

बालवाडीच्या खोलीत आज एकही ताट नाही.