राठोड सरांचा पेन्सिलीचा तक्ता

२ फेब्रुवारी, सोमवार. हजर: मॅनेजर साहेब, सुपरवायझर, कापसाच्या गाठी बांधणारी प्रेस चालवणारा मारोती, फिटर गजानन आणि ऑफिस सांभाळणारी मी. राठोड सरांच्या नावापुढेही सवयीने बरोबरची खूण केली, मग खोडली. त्यांना जाऊन महिना उलटला होता. बैठक शनिवारच्या प्रकारावर होती. पण त्याआधी सर कोण होते ते सांगायला हवं.

लोहाऱ्याच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते टाइमकीपर. बाभुळगावहून बसने येत. व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम त्यांनी पोस्टाने पूर्ण केला होता, आणि त्यातलं सगळं खरं मानणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस. दरवर्षी हंगाम सुरू झाला की वही-पेन्सिल घेऊन ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "बिघाड झाला त पहिले कोनाकडे पाह्यता?" उत्तरांच्या रेघा ओढून तक्ता तयार होई. भिंतीवर छापील तक्ता होताच, मॅनेजर सर्वांत वर आणि हमाल सर्वांत खाली असा. "तो साहेबाच्या मनातला, मॅडम," सर म्हणत, "अन् हा जिनिंगच्या मनातला. तिले आपलं मन रायते."

मला गंमत वाटे, पण उपयोग दिसे. सुपरवायझर नवा आला तेव्हा त्याला कोणी जुमानेना. मी दोन परिपत्रकं काढली. सरांनी पिण्याच्या पाण्याचा रांजण तेवढा त्याच्या टेबलाशेजारी नेऊन ठेवला. पाणी प्यायला आलेली माणसं दोन शब्द बोलू लागली, आणि पुढच्या तक्त्यात त्याच्याकडे सात रेघा वळल्या. "हुकुमानं नाही वळत, मॅडम. तहानीनं वळते," एवढंच बोलून सर हजेरीपट भरू लागले.

स्वतःकडे येणाऱ्या रेघांची मात्र त्यांना धास्ती होती. त्यांच्या केबिनची काच प्रेससमोर. प्रेस अडकली की दुरुस्तीनंतर आत कोणी राहिलं नाही ना हे बघायला ते काचेआडून बाहेर उभी असलेली माणसं मोजत आणि मान हलवत. हा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. तरी मान हलल्याशिवाय मारोती बटण दाबत नसे. शेवटच्या तक्त्यात प्रेसवरच्या सगळ्यांच्या रेघा एकाच वर्तुळात शिरल्या होत्या, आणि ते वर्तुळ सरांनी रिकामं ठेवलं होतं.

"मी एखाद्या दिवशी नसन त हे काय करतीन? इथं दुसरं नाव बसवा, मॅडम. लवकर."

मी ते करायच्या कामांच्या यादीत लिहिलं. पंधरा दिवसांनी एका सकाळी बस आली, सर आले नाहीत. रात्री झोपेतच गेले होते.

शनिवारी दुपारी प्रेस अडकली. गजानन रुईच्या पेटीत उतरला, म्हणजे कापूस दाबला जातो तिथेच. तो बाहेर आला असं समजून सुपरवायझरने प्रेस चालू करायला सांगितलं. मारोती काचेकडे बघत उभा राहिला. तीनदा सांगूनही हलेना, तेव्हा सुपरवायझर शिव्या देत स्वतःच बटणाकडे निघाला. तेवढ्यात पेटीतून गजाननचा हात वर आला. पाना मागत होता.

बैठकीत मॅनेजर साहेबांनी मारोतीला विचारलं, सुपरवायझरचं का ऐकलं नाही.

"साहेबानं मान हलवली ना."

मग बटण का दाबलं नाही, असं त्यांनी विचारलं.

"आडवी हलवली."

कोणत्या साहेबानं, हे कोणीच विचारलं नाही. गजानन स्वतःच्या हातांकडे बघत होता. शनिवारी त्या वेळी मी सरांच्या केबिनमध्येच होते, कपाटात हजेरीपट शोधत. त्यांची खुर्ची माझ्या पाठीमागे होती.

बैठकीत तीन कामं ठरली. प्रेसच्या बटणाला कुलूप आणि किल्ली पेटीत उतरणाऱ्याच्या खिशात, हे त्याच दिवशी झालं. खुर्ची हलवायला दोन हमालांना सांगितलं. दोघंही हो म्हणाले, दोघंही गेले नाहीत, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. तिच्याशेजारी स्टूल टाकून घेतलं. आता माणसं मी मोजते, मान मी हलवते. मारोती काचेकडे बघतो, पण माझ्याकडे नाही. माझ्या उजव्या खांद्याच्या जरा मागे. क्षणभर थांबतो, मग बटण दाबतो.

तिसरं काम, वर्तुळात नाव लिहिणं. पेन्सिलीला टोक काढून ठेवलं आहे. काम बाकी.