पहिल्या धड्यापुढच्या गुंफाबाई

गुंफाबाईंना कुणी हार घातला की त्या तो तिथल्या तिथे काढून शेळीपुढे टाकत. आमच्या शिबिराच्या उद्घाटनाला खुद्द प्राचार्यांनी घातलेल्या हाराचीही हीच गत झाली. प्राचार्यांचं भाषण अजून चालू होतं. शेळीने काही ते संपायची वाट पाहिली नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॉलेजांतून सेवा योजनेची शिबिरं नुकतीच सुरू झाली होती. वाशीमचं आमचं कॉलेज दर वर्षी रिठदला जाई. मुलं रस्त्यावर मुरूम टाकत, आम्ही मुली बौद्धवस्तीतल्या बायांना वाचायला शिकवत असू. तिथलं महिला मंडळ गुंफाबाई चालवीत. माझ्या पहिल्याच शिबिरात मी मोठ्या उत्साहाने तक्ता उघडला, तर मी तोंड उघडायच्या आत बायांनी पहिला धडा एका सुरात म्हणून दाखवला. मी हरखले. गुंफाबाई हसल्या.

"तीन सालं झाले. पोरी नव्या येतात आन धडा पयलाच काढतात. आमी काय जलमभर पयल्या धड्यातच राह्याचं?"

समारोपाला त्यांनी आमच्या सरांना भर मांडवात सांगितलं, की दर रविवारी एक मुलगी पाठवा. सरांनी गोड शब्दांत समजावलं, योजनेत तशी तरतूद नाही. "मंग पुढच्या साली शिबिरच कायले आणता?" बाईंनी विचारलं. सरपंचांचा चेहरा उतरला. सर चष्मा पुसू लागले. मी येईन, असं मी उठून बोलून गेले.

बोलणं सोपं होतं. आमचं घर शेतकऱ्याचं, जुन्या वळणाचं. लग्नाची मुलगी एकटी एसटीने जाणार, आणि तेही त्या वस्तीत! वडिलांनी विषयच संपवला. रविवारी मी गेले नाही, तेव्हा गुंफाबाई स्वतःच वाशीमला आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, पोरीले मी फाट्यावरून नेतो आन फाट्यावर आणून सोडतो. आमचं शिकणं तिच्यापाशी अडकून राह्यलं."

वडील बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग त्यांनी आईला चहा ठेवायला सांगितलं आणि गुंफाबाईंना आत बोलावलं. त्या वस्तीतलं माणूस आमच्या बैठकीत बसून आमच्या कपाने चहा प्यायलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. त्या एका चहाने माझाही रस्ता मोकळा झाला, हे उपकार मी विसरलेले नाही.

पुढे दर रविवारी त्या फाट्यावर उभ्या असत. दुसरा धडा झाला, तिसरा झाला, पुस्तक संपलं. एकदा एसटी वाटेत बंद पडली आणि फाट्यावरून गुंफाबाईंबरोबर मी मंडळाच्या खोलीशी पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. आत एक बाई वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होती, दुसरी तिची चूक दुरुस्त करत होती. मी चप्पल काढू लागले, तर गुंफाबाईंनी मला दारातच थांबवलं.

पुढे मी मास्तरीण झाले, सत्कारही पुष्कळ झाले. पण त्या दारात, माझ्या पाठीवर हात ठेवून त्या जे बोलल्या, त्याहून मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही.

"बाई, आता तू नाई आली तरी चालते."