टॉप-अपचा फोन आणि बाबांचं 'बरो आसंय'

गेल्या सोमवारी वेंगुर्ल्याला आमच्या ओटीवर बाबांची मेडिकल झाली... फोनवरच.

बाबांचं वय बहात्तर. आरोग्य विम्याची जुनी पॉलिसी आहे, पण तोकडी. पायाकडे ओढली तर डोकं उघडं. म्हणून मी टॉप-अपचा अर्ज भरला. 'पूर्वीचे आजार' या रकान्यात ठोकून दिलं, फक्त बीपी. बीपी असलं तरी पॉलिसी मिळते, त्या आजारापुरतं काही वर्षं थांबावं लागतं, असं एजंट म्हणाला होता.

आणि बाबांना दुसरं काय असणार? कधीही विचारा, "बाबा, बरां मां?" उत्तर ठरलेलं, "बरो आसंय गो." अंगात ताप असला तरी तेच.

कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, मी स्पीकर लावला. बाबा तहसील कचेरीतले जुने कारकून... समोर साहेब किंवा फॉर्म आला की त्यांची मालवणी आपोआप बंद होते. सदऱ्याचं वरचं बटण लावून ते ताठ बसले.

"हृदयाचा काही त्रास?"

"हो. गेल्या मे महिन्यात कोल्हापूरला अँजिओग्राफी झाली. दोन ठिकाणी ब्लॉकेज आहे. ऑपरेशन सांगितलं होतं, मी केलं नाही."

आई चहाचा कप घेऊन दारातच थांबली. मे महिन्यात बाबा मित्राच्या नातीच्या लग्नाला म्हणून कोल्हापूरला गेले होते. येताना गूळ आणला होता... त्याच गुळाच्या रसात आम्ही तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे खाल्ले.

फोन ठेवल्यावर मला रडूच फुटलं. "आमका कित्याक नाय सांगितल्यात?"

"तुमका कित्याक घोर?"

"मगे त्या बाईंक कसा सांगितल्यात?"

"फॉर्मार माझी सही आसा गो. थंय खोटा कसा सांगूचा?"

चार दिवसांनी मेल आला. हृदयविकार आधीपासून असल्यामुळे अर्ज नामंजूर. राग आला, पण कंपनीचा नाही, माझाच. वर्षभर मी 'बरां मां' विचारत होते आणि उत्तर पुरतं न ऐकताच कामाला लागत होते.

काल बाबा विहिरीकडून आले आणि पायरीवरच टेकले. "बरां मां?" "बरो आसंय गो."

मग मी कचेरीतल्या मराठीत विचारलं, "छातीत दुखतं का? किती दिवसांपासून?"

बाबांचा हात वरच्या बटणाकडे गेला. "हो. पंधरा दिवसांपासून. चालताना."

त्या अनोळखी डॉक्टरीणबाईंचे आभार... पॉलिसी मिळाली नाही, पण बाबांना विचारायचं कसं ते त्यांच्यामुळे कळलं. जुनी पॉलिसी पुरणार नाही, हे माहीत आहे. तरी उद्या कोल्हापूरला निघतोय, तिघंही. या खेपेला लग्न नाही.