नानांची रेघ

शबाना सिस्टरांचं नाव आधी घेतो, नाना कसे गेले ते मागून. आयसीयूत घरच्यांशिवाय कुणाला सोडत नाहीत, तरी त्यांनी मला नानांच्या उशाशी उभं राहू दिलं. मी आठवीत शाळा सोडून गडचिरोलीहून इकडे राहात्याच्या बाजूला आलेला. नानांशिवाय माझं इथे होतं कोण?

नाना पुणतांब्याचे. मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर एकच काम केलं. उंदराच्या काळजाची बारीक पट्टी कोमट द्रावणाच्या काचेच्या नळीत टांगायची. ती तिथे एकटीच धडधडत राहते... त्यांच्या हाताखाली लागलो त्या पहिल्या दिवशी मी बाहेर पळालो होतो. "ये की माघारी. चावतंय व्हय तुला?" नाना म्हणाले. मग अ‍ॅड्रेनलिनचा थेंब सोडायचा. त्याआधी ते त्या पट्टीला सांगत, "आलो बरं का." तरुण उंदराची पट्टी उसळी घेई, तिला दोऱ्याने जोडलेली, कागदावर रेघ ओढणारी लेखणी उंच चढे. म्हाताऱ्याची जराशी हले, बस. औषध तेच, थेंब तेवढाच. "वय झालं की काळजाला कमी ऐकू येतं," नाना सांगत. "हाक पोचती, पन आतून ओ देनारे घटत्यात." एकदा म्हणाले, "माझ्यावर थेंब पडंल तवा रेघ बघून ठेव. आपलं काळीज कितपत ओ देतंय, लई दिसांचं मनात हाय." मी हसलो. ते हसले नव्हते.

महिन्यापूर्वी त्यांना अटॅक आला. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिन मागवलं आणि सुई टोचताना मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळ्यांचे हात थांबले होते. नानांनी एवढं एकच काम सांगितलं होतं, तेही माझ्याच्याने झालं नाही. चार रात्री झोप लागली नाही.

दहाव्यानंतर शबाना सिस्टर प्रयोगशाळेच्या दारात आल्या. निवृत्तीला आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, तरी जिना चढून. हातात नानांच्या ईसीजीचा घडी घातलेला कागद. "रेघ रेघ पुटपुटत होतास ना तू, म्हणून फाडून ठेवला." सपाट रेघ, इंजेक्शननंतर उशिरा आलेले चार बुटके उंचवटे, पुन्हा सपाट. प्रयोगशाळेचे सर म्हणतात, ते यंत्र वेगळं, हे वेगळं, तुलना होत नाही. मला मात्र ती ओ ओळखू आली.

तो कागद मी नानांच्या वहीत, शेवटच्या म्हाताऱ्या उंदराच्या रेघेशेजारी चिकटवलाय. परवा ड्रॉपर उचलला, तर माझ्या तोंडून त्यांच्याच सुरात निघालं, "आलो बरं का." आणि थेंब सुटायच्या आधीच लेखणी वर गेली... टेबलाला हात लागला असेल माझा.

सिस्टर, तुमचे उपकार मी एक दिवस फेडीन. तो दिवस लांब असो. पण तुमची रेघ बघायची वेळ माझ्यावर आलीच, तर मी डोळे मिटणार नाही.