बेचाळीस नावांचा ताप

सादडपाड्यात लहानू भोयेला आरोग्य सेवक कोणी म्हणत नसे. ते नाव त्याच्या नेमणुकीच्या कागदावर होतं आणि कागद पेटीत होता. लोक त्याला रगतवाला म्हणत. टेकडीवर सायकल ढकलत येताना दिसला की पोरं कुडाआड पळायची आणि मोठी माणसं उगाच कामाला लागायची.

सुरगाण्याच्या डोंगरातले सात पाडे त्याच्याकडे होते. दर पंधरवड्याला घरोघर जायचं, ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर घ्यायचा, हातावर हिवतापाच्या गोळ्या ठेवायच्या आणि काचा तालुक्याला तपासायला पाठवायच्या. प्रत्येक घराच्या दारामागे चौकटींचा एक तक्ता रंगवलेला असे. त्यात तारीख घालून सही ठोकायची. दौऱ्यावर येणारे साहेब माणसं बघत नसत, दाराची मागची बाजू बघत. सही असली की लहानू आला होता, आणि लहानू आला होता म्हणजे गाव ठणठणीत होतं, असा सरकारी हिशेब होता.

महिन्याला साठ काचा, हे वरून ठरलेलं होतं. ताप किती जणांना यावा हे तापानं ठरवायचं नव्हतं. पावसाळ्यात साठ सहज भरत, कारण तेव्हा अर्धा पाडा घोंगडी पांघरून कुडकुडत असे. पंचाईत दिवाळीनंतर व्हायची. भात झोडपून झालं, नागली कणगीत पडली की पाडाच्या पाडा जीपगाड्यांना लटकून पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत जायचा, तो होळीलाच परत. मागे राहायच्या म्हाताऱ्या, कोंबड्या आणि लहानूचं टार्गेट. माणसं पोटासाठी गाव सोडतात, टार्गेट काही सोडत नाही.

या पाड्यांवरच्या पहिल्या वर्षी लहानूनं खरं ते लिहिलं, ‘माणसे स्थलांतरित, काचा तीन.’ त्याला मेमो मिळाला. दुसऱ्या वर्षी तो शहाणा झाला. सादडपाड्यातल्या बहिरूच्या ओट्यावर बसायचं, यादीतून नावं काढायची आणि स्वतःच्या बोटाला सुई टोचायची. एका टोचणीत एक कुटुंब निघे. मोठं खटलं असेल तर अंगठाही लागे. सोबतच्या गोळ्या ओहोळात जात, त्यामुळे त्या ओहोळातल्या मासळीला कधी हिवताप झाला नसावा.

बहिरूची आई बयाबाई हे सगळं नातवंडांची गोधडी शिवत बघायची. पहिल्यांदा तिला वाटलं, हा काहीतरी नवस फेडतोय. कळल्यावर तिनं त्याला नागलीची भाकर आणि लसणाची चटणी वाढायला सुरुवात केली. सगळ्या गावाचं रक्त एकटा देतो, मग खायला नको का, असा तिचा सरळ हिशेब. लहानूला लाज वाटायची, पण भाकर चांगली असायची. शिवाय त्याची स्वतःची एक नीती होती. तापलेला माणूस समोर असताना त्यानं कधी खोटी काच केली नव्हती. चोरालाही एखादा देव असतोच.

अशी चार वर्षं गेली. लहानूचं रक्त शुद्ध, म्हणून सादडपाडा हिवतापमुक्त. तालुक्याच्या मोठ्या साहेबांनी त्या जोरावर बक्षिसाची एक ढाल मिळवून टेबलावर ठेवली. नाशिकला बैठक असली की साहेब सादडपाड्याचं नाव सासुरवाडीच्या कौतुकासारखं घ्यायचे.

शहाण्णव सालच्या जानेवारीत लहानू गुजरातच्या हद्दीतल्या एका लग्नाला गेला, तिथे ओढ्याकाठी दोन रात्री झोपला आणि दहा-बारा दिवसांनी काचा करायला बसला तेव्हा त्याला जरा थंडी वाजत होती. थंडीचे दिवस, थंडी वाजणारच. त्यानं एकट्या सादडपाड्याच्या बेचाळीस काचा केल्या, बेचाळीस नावं लिहिली, गोळ्या ओहोळात सोडल्या आणि घरी जाऊन अंथरुणावर पडला.

एरवी काचा तालुक्याला महिनाभर खोक्यात पडून असत, तोवर रोगी बरा तरी व्हायचा किंवा मरायचा तरी. पण त्या आठवड्यात साथरोगांवर संशोधन करणाऱ्या सरिता मॅडम मुंबईहून आल्या होत्या. डोंगरातला हिवताप कसा फिरतो याचा त्यांना अभ्यास करायचा होता. आल्या त्या दिवसापासून त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. त्यांनी बेचाळीसच्या बेचाळीस काचा बघितल्या. सगळ्यांत मेंदूचा हिवताप, ज्यानं चार दिवसांत माणूस जातो तो.

साहेबांनी आधी ढालीकडे बघितलं आणि मग नाशिकला फोन लावला. संध्याकाळपर्यंत बातमी मुंबईला पोचली. दुसऱ्या दिवशी दोन जीप भरून पथक सादडपाड्यात उतरलं, तर सगळ्या दारांना कुलपांऐवजी काटेरी फांद्या लावलेल्या आणि बयाबाई एकटी शेळीला पाला घालतेय. बेचाळीस रोगी गेले कुठे, हा प्रश्न साहेबांनी शेळीला विचारायचा बाकी ठेवला. बागांत गेलेत, असं बयाबाईनं सांगितलं. तेव्हा साहेबांचा चेहरा उजळला. म्हणजे रोगी फरार आहेत आणि साथ पसरवताहेत. त्यांनी यादी हातात घेतली आणि बागाबागांत जाऊन नावं वाचून दाखवायला माणसं पाठवायचं ठरवलं.

अंथरुणावरून उठवून आणलेला लहानू हे बोलणं ऐकत ओट्याच्या खांबाला धरून उभा होता. अंग भट्टीसारखं तापलं होतं, तरी त्याला एवढं नीट कळलं की ऐन द्राक्षांच्या खुड्यात बागाईतदारासमोर ‘हा साथीचा रोगी’ म्हणून नाव वाचलं गेलं तर तो माणूस त्या बांधावर पुन्हा उभा राहणार नाही. बहिरू, त्याची बायको, सोमनाथ, सिंधुबाई, सगळ्यांची वर्षभराची मीठमिरची त्या चार महिन्यांवर होती. आणि खरं सांगावं तर स्वतःची नोकरी जाणार होती. घरात ती एकच नोकरी होती. त्यानं खांब सोडला. मग सरिता मॅडमपुढे जाऊन त्यानं डावा हात उघडला. बोटांची टोकं चाळणीसारखी झाली होती.

“मॅडम, ही साथ माझी एकट्याची हाय. त्यांची नाय.”

मॅडम दचकल्या नाहीत. सहा महिन्यांच्या पोराचं आणि सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं रक्त इतकं हुबेहूब कसं, हे त्यांना काल दुपारीच खटकलं होतं. त्यांनी साहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

“वर गेलेला आकडा खाली येत नसतो, मॅडम,” ते म्हणाले. “आणि हा लहानू खरा ठरला, तर चार वर्षांची ढाल खोटी ठरते.”

लहानू हट्टाला पेटला. त्यानं कबुलीजबाब लिहून दिला. साहेबांनी तो वाचला आणि खाली शेरा मारला, ‘कर्मचारी तापाने बरळत आहे.’ म्हणजे ताप आहे हे साहेबांना मान्य होतं. फक्त तो लहानूला आहे हे कागदावर कुठे नव्हतं. बेचाळीस नावांसाठी बेचाळीस जणांच्या गोळ्या आल्या होत्या, यादीत त्याचं नाव नव्हतं, आणि चार वर्षांत त्यानं स्वतःच्या नावानं एकही काच केली नव्हती. त्याला गोळी देता येत नाही म्हणून पथकातल्या कंपाउंडरनं दिलगिरी व्यक्त केली. नवी काच केली तर त्रेचाळिसावा रोगी निघेल आणि आकडा बिघडेल, म्हणून साहेबांनी तीही करू दिली नाही. मॅडमनी पर्समधून डोकेदुखीच्या दोन गोळ्या काढून दिल्या, खाली बघितलं आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. त्यांचा अभ्यास अजून चालू होता.

बागाबागांत यादी वाचली गेली आणि दोन दिवसांनी कांद्याच्या रिकाम्या ट्रकमधून पाडा परत आला. बागाईतदारांनी त्यांच्याकडून चहाचे कपसुद्धा परत घेतले नव्हते, फेकून दिले होते. धट्टीकट्टी बेचाळीस माणसं साहेबांनी रांगेत उभी केली, रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, फोटो काढला. आठवड्यात सगळ्या काचा निर्दोष निघाल्या. बेचाळीसपैकी बेचाळीस बरे, मृत्यू शून्य. साहेबांना दुसरी ढाल मिळाली आणि पुढे बढतीही.

बहिरू रांगेतून सरळ लहानूच्या खोपटावर गेला. बयाबाईनं त्याला सगळं सांगितलं होतं. लहानूला तेव्हा माणसं नीट ओळखू येत नव्हती. बहिरूनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आपल्या वाट्याच्या कडू गोळ्या एकेक करून त्याच्या घशाखाली उतरवल्या, वर पाणी पाजलं. तीन दिवस तो तसाच येत राहिला आणि एक शब्द बोलला नाही. लहानूला वाटायचं, यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. लहानू रडत माफी मागायला लागला. बहिरू उठून दारात गेला, दारामागच्या तक्त्यावर त्यानं बोट ठेवलं.

“आम्ही गावात असलो का सही कर, भाऊ. आम्ही नसलो का माझं दार कोरं ठेव.”

लहानूनं ते ऐकलं. त्यानंतर दर वर्षी दिवाळी ते होळी सादडपाड्यातल्या दारांमागच्या चौकटी कोऱ्या राहिल्या आणि दर वर्षी लहानूला मेमो मिळाला. पेटीत नेमणुकीच्या कागदावर त्यांची चांगली थप्पी जमली. बढती मिळाली नाही. बागाईतदारांनी बहिरूला तीन वर्षं उभं केलं नाही, तेव्हा तो मालेगावकडे विटा पाडायला गेला. लहानूची तिथवर जाऊन त्याला भेटायची हिंमत झाली नाही.

दोन हजार पाच साली, निवृत्तीला सहा महिने उरले असताना, नवं पथक आलं. त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता. या महिन्यांत चौकटी रिकाम्या का, असं त्यातल्या एका तरण्या डॉक्टरनं विचारलं. माणसं गावात नव्हती, लहानू म्हणाला. पोरानं मान हलवली आणि त्या जागी ‘माहिती उपलब्ध नाही’ असं टाइप केलं.

लहानूनं त्याला ते परत एकदा वाचून दाखवायला सांगितलं. मग तो बहिरूच्या ओट्यावर जाऊन बसला. बयाबाई आता नव्हती, दाराला काटेरी फांदी होती. त्यानं आपली बोटं उघडून बघितली. भोकं केव्हाच बुजली होती.